बार्बा निकितासना लागलेली दृष्ट

आमच्या गावात, आणि खाली व्होलोसच्या बंदरापर्यंत, आता सगळे छातीठोकपणे सांगतात की बार्बा निकितासना, म्हणजे आमच्या निकितासकाकांना, दृष्ट लागली. नामदिनाला घरात इतकी माणसं आली, इतक्या डोळ्यांनी त्यांच्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं, की तीन दिवसांत त्यांचा आवाज बसला. रविवारी बाल्कनीत उभे राहिले तेव्हा तोंडातून भलतंच काहीतरी निघालं, आणि सोळा वर्षं गाव चालवणारा माणूस दहा मिनिटांत संपला. वासिलिकी म्हातारी तर शपथेवर सांगते की तिने ताटलीतल्या पाण्यात तेलाचा थेंब सोडून पाहिला आणि तो पडल्या पडल्या विरघळला. "एवढी मोठी दृष्ट मी माझ्या नवऱ्याच्या वेळीसुद्धा पाहिली नव्हती गं," म्हणते.

खोटं आहे. आवाज अजिबात बसला नव्हता. त्या रविवारी तो जसा लागला होता तसा मी कधीच ऐकला नाही, आणि त्या आवाजाबद्दल बोलायचा हक्क गावात कुणाला असेल तर मला आहे. दोन वर्षं मी तो चोरून वापरत होते.

मी थेक्ला. चौकातल्या चिनाराखालचं कॉफीघर माझ्या बाबांचं, आणि त्याच्या वरची बाल्कनीही आमचीच. निवडणुकीला जो कोणी उभा राहतो तो त्या बाल्कनीतून बोलतो. मी खाली कप विसळते आणि ऐकते. एकदा ऐकलं की ते माझ्या तोंडात येऊन बसतं, त्याला माझा इलाज नाही. औषधवाले लिकुर्गोस कुठलंही वाक्य अशा सुरात बोलतात की वाटतं हे दिवसातून तीनदा जेवणानंतर घ्यायचंय. पाद्रीबाबांचा अर्धा आवाज नाकात राहतो आणि उरलेला दाढीत. माझे बाबा पैसे सांगण्याआधी दोनदा खाकरतात, गिऱ्हाईक बाहेरगावचं असेल तर तीनदा. ही सगळी सोपी गिऱ्हाइकं. एका दुपारीत येतात.

बार्बा निकितासना मला सहा महिने लागले. कारण त्या आवाजात पकडायला काही नव्हतंच. ना भारदस्त, ना गोड. उलट इतरांनी आवाज चढवला की हे उतरवायचे, आणि मग सगळा चौक पुढे झुकायचा. शेवटी माझ्या लक्षात आलं. ते आधी नाव घ्यायचे. मग एक श्वास थांबायचे. त्या एका श्वासात समोरच्याला वाटायचं की जगात आपण एकटेच आहोत. आणि मग ते विचारायचे, "वासिलिकी… गुडघा काय म्हणतोय?" झालं. वासिलिकीच्या डोळ्यांत पाणी.

हे जमल्यावर मी एकदा खिडकीच्या झडपेमागून त्यांच्या आवाजात म्हटलं, "अरे बसा, बसा, उठता कशाला!" बाहेर सहा बाप्ये उठायच्या तयारीत होते ते परत बसले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाबांनी मला फडक्याने झोडलं, पण हसत हसत.

बार्बा निकितास मूळचे बस ड्रायव्हर. व्होलोस ते आमचं गाव, बावीस वळणं. एका फेब्रुवारीत बस बर्फात घसरून अर्धी कड्याबाहेर गेली. आत तीस माणसं, दोन कोंबड्या आणि एक ओरडणारा सरकारी मोजणीदार. बार्बा खाली उतरले, टोपी मागे सारली आणि म्हणाले, "चला." तिसाच्या तीस जणांनी उतरून बस ढकलली, मोजणीदारानेसुद्धा, शहरातले बूट घालून. त्याच वर्षी लोकांनी त्यांना अध्यक्ष केलं. त्यांनी मागितलं नव्हतं.

आता पाटाबद्दल सांगायला हवं. आमचं पाणी डोंगरातल्या झऱ्यावरून दगडी पाटाने येतं. सप्टेंबरात पाऊस लागायच्या आत तो पाट उपसावा लागतो, नाहीतर नळाला चहाच्या रंगाचं पाणी येतं. पूर्वीपासून प्रत्येक घर वर्षातला एक दिवस पाटाला द्यायचं. एक माणूस, एक फावडं. बार्बा निकितासच्या पहिल्या वर्षी खालच्या आळीतला कुणीतरी म्हणाला, "अध्यक्ष, कंबर धरलीय हो." बार्बा म्हणाले, "बस तू. तुझं मी करतो." केलंही. पुढच्या वर्षी तीन कंबरा धरल्या. त्याच्या पुढच्या वर्षी वरची अख्खी आळी. मला कळायला लागलं तेव्हापासून तर मी असंच पाहत आलेय की सप्टेंबरात, आता सहासष्ट वर्षांचा झालेला, एक माणूस खांद्यावर फावडं टाकून एकटा डोंगर चढतोय, आणि आमच्या टेबलांवरून लोक पेले उंचावताहेत. "बघा, बघा! या वयात! असा अध्यक्ष कुठल्या गावाला आहे?"

आणि बार्बा वळून हात हलवायचे, एकेकाचं नाव घेऊन. हात हलवताना फावडं घसरायचं, ते सावरायचे, पुन्हा हलवायचे.

पाट हे एकच काम नव्हतं. कुणाचं पोट दुखलं की त्यांच्याच गाडीतून व्होलोसचं इस्पितळ. कुणाच्या मुलाची सैन्यातली बदली, कुणाच्या शेळ्या कुणाच्या सफरचंदांत. दुपारी अख्खा गाव झोपतो तेव्हा त्यांच्या दारात हमखास कुणीतरी उभं. "झोपला नव्हतात ना?" असं विचारत. थिया उरानिया, म्हणजे उरानियाकाकू, त्यांची बायको, सांगायची की सोळा वर्षांत तिने त्यांना गरम सूप पिताना दोनदाच पाहिलंय, आणि त्यातल्या एकदा ते तापाने फणफणले होते.

चार वर्षांपूर्वीच त्यांना थांबायचं होतं. बाल्कनीत गेले आणि म्हणाले, "मित्रांनो… मी थकलो." तेव्हा मी बारा वर्षांची होते, कठड्याखाली बसले होते. ते दोन शब्द त्यांनी असे म्हटले की चौकात कुणी नाकसुद्धा ओढलं नाही. मग वासिलिकी हंबरडा फोडून रडली, आणि संध्याकाळच्या आत त्यांच्या नावाचा अर्ज सह्यांनी भरला. विरोधात उभे राहिलेल्या लिकुर्गोसना अकरा मतं पडली. त्यांच्या घरातच नऊ मतदार आहेत.

यंदा पाचवी निवडणूक. ऑगस्टच्या शेवटी थिया उरानियाने माळ्यावरून तपकिरी सूटकेस काढली, झाडली, कपडे भरले आणि दाराशी उभी केली. हे मला तिनेच सांगितलं, आमच्याकडे साखर न्यायला आली तेव्हा. "मी त्याला म्हटलं, निकिता, पुन्हा उभा राहिलास तर मी बहिणीकडे चालले. माझं भांडण नाही. मला फक्त माणसासमोर बसून जेवायचंय, आणि माझ्याकडे अजून किती जेवणं उरलीत मला माहीत नाही."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाला, उरानिया…" आणि ती बरोबर एक श्वास थांबली. तिला त्यांचा आवाज काढता येत नाही, पण तो श्वास तिला माझ्यापेक्षा चांगला येतो. "म्हणाला, सूटकेसचं कुलूप बिघडलंय, दुरुस्त करून देतो."

पंधरा सप्टेंबरला निकितास संतांचा दिवस, म्हणजे त्यांचा नामदिन. त्या दिवशी ज्याचं नाव असतं त्याच्या घरी सगळे न बोलावता जातात, तो मुरंब्याचा चमचा आणि दारूचा छोटा पेला पुढे करतो. कुणाकडे किती माणसं गेली यावरून गाव माणूस मोजतं. ज्याला नको असेल, घरात दुखवटा असेल, तो आधी चिठ्ठी लावतो. बार्बांनी आमच्या काचेवर चिठ्ठी लावली. "निकितास यंदा नामदिन साजरा करणार नाहीत. भेटी होणार नाहीत." त्यांना वाटलं, लोक चिडतील. चार जण म्हणतील, माजला आता. मनातून उतरायला सुरुवात तरी होईल.

चिठ्ठी चौकाने दोनदा वाचली. मग कुणीतरी म्हणालं, "बिचाऱ्याला वाटतं, लोकांना उगाच खर्च नको." दुसरा म्हणाला, "नाही रे, आजारी असणार. सांगत नाही." संध्याकाळी पाच वाजता अख्खं गाव त्यांच्या घरी. मीही होते. आदल्या दिवशी चर्चमध्ये मिळालेली तुळशीची डहाळी टेबलावर पेल्यात होती, तिला धक्का लागत होता इतकी गर्दी. प्रत्येकाने मिठाईचा खोका आणला होता. ठेवायला जागा नव्हती, म्हणून लोकांनी खोके दाराजवळच्या सूटकेसवर रचले. माझ्या छातीपर्यंत मनोरा झाला. थिया उरानिया स्वयंपाकघराच्या दारातून त्या मनोऱ्याकडे पाहत उभी होती, आणि बार्बा निकितास तिच्याकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गाव झोपलेलं असताना, ते आमच्या मागच्या सफरचंदांच्या कोठारात आले. मी पेट्यांवर बसून माझ्या वर्गशिक्षिकेची शिंक बसवत होते.

"थेक्ला," ते म्हणाले. श्वास. "तू माझी नक्कल करतेस म्हणे."

मी मेले असं वाटलं. "कोण म्हणतं?"

"सहा जण. हवेने सांगितलं म्हणून खाली बसले होते ते." ते एका पेटीवर टेकले. टेकताना तोंडातून जो आवाज निघाला तो मी कधी बसवला नव्हता, तो म्हातारा होता. "कर बघू."

मी केली. पूर्ण केली, टोपी मागे सारण्यासकट. ते ऐकत राहिले, हसले नाहीत.

"असा बोलतो मी?"

"असंच."

"मग यातलं काय काढलं की लोक ऐकायचे थांबतील, ते शिकव. रविवारी मी सांगणार आहे की उभा राहत नाही. आणि ते त्यांना आवडता कामा नये."

तुम्हाला सांगते, मला इतका आनंद झाला की मी पेटीवरून उडीच मारली. शुक्रवारची दुपार आणि शनिवारची दुपार मी गावच्या अध्यक्षांना वाईट बोलायला शिकवत होते. आधी नावं घेणं बंद केलं. ते म्हणाले, "मित्रांनो, मी उभा राहणार नाही," आणि त्यात नाव नसल्यामुळे असं वाटलं की ते जगातल्या सगळ्यांना एकदमच म्हणताहेत. अंगावर काटा आला. मग श्वास काढून टाकला. भराभरा बोलायला लावलं, तर असं वाटलं की याला रडू येतंय आणि ते यायच्या आत याला संपवायचंय. मग मी म्हटलं, लिकुर्गोससारखं बोला, मी सांगते तसं. औषधाचं पाकीट वाचल्यासारखं. ते बोलले. मला हसू फुटलं, मग त्यांना, आणि मग मला वाटलं, अरे देवा, हा माणूस गमत्याही आहे, याला आता विसाव्या वेळीही निवडून देतील.

"नाही निघत," मी म्हटलं. "ते चामडीत गेलंय. लिहून घ्या बार्बा, तुम्ही उद्या काहीही बोला, लोक टाळ्या वाजवणार."

"पैज?"

"पैज! एक टाळी जरी वाजली तरी मी जिंकले. तुमच्या गाडीवरचा कर्णा मला द्यायचा, बॅटरीसकट." त्या कर्ण्यावर माझा तीन वर्षं डोळा होता.

"आणि एकही नाही वाजली तर?"

"मागा."

त्यांनी विचार केला. "तर माझा आवाज मला परत दे. पुन्हा कुणासमोर काढायचा नाही. घरात कामाला लागेल म्हणतो."

आम्ही हात मिळवले. त्यांचा तळवा फावड्याच्या दांड्यासारखाच लागला.

रविवारी चर्च सुटलं तसा चौक भरला. बाबांनी जास्तीच्या खुर्च्या काढल्या आणि दोनदा खाकरून ठेवलं. मी दाराशी, हातात ट्रे, बॅटरी कुठे ठेवायची याचा विचार करत. थिया उरानिया चिनाराच्या बुंध्याशी खुर्चीवर बसली होती. सूटकेस तिच्या पायाशी. व्होलोसची बस दीड वाजता होती.

बार्बा बाल्कनीत आले. टोपी मागे सारली. आवाज उतरवला आणि सगळा चौक पुढे झुकला, चिनारसुद्धा झुकला म्हणा.

"वासिलिकी…" ते म्हणाले. श्वास.

वासिलिकीने आधीच रुमाल काढला होता.

"उद्या सकाळी सात वाजता पाट उपसायचाय. तुझ्या नातवाला फावडं घेऊन पाठव."

रुमाल अर्ध्यावर थांबला. कुणीतरी हसलं, हा अध्यक्षांचा विनोद असणार म्हणून.

"आर्गीरिस…" हे माझे बाबा. "तुझ्याकडे दोन फावडी आहेत. एक मला माहीत आहे कुठे, लाकडांमागे. एक तू आण, एक भावाला दे. लिकुर्गोस… तुमच्याकडे नऊ माणसं आहेत, चार पुरतील. सात वाजता."

असे ते घरोघर गेले. प्रत्येकाचं नाव, प्रत्येकासाठी तो एक श्वास. कुणाची कंबर दुखते हे त्यांना पाठ होतं, अशा प्रत्येकाला म्हणाले की तू वरून दगड मोजून दे, वाकू नकोस. आवाज इतका मऊ, इतका जवळचा, की तो तुमच्याच खांद्यावर हात ठेवून बोलतोय असं वाटावं. मी तो दोन वर्षं चघळला होता, मला माहीत आहे. त्यातला एक केसही कमी नव्हता. सफरचंदांच्या कोठारात आपण भलत्याच जागी शोधत होतो, हे मला तिथे ट्रे धरून उभी असताना कळलं.

कारण माणसं मागे सरायला लागली होती. आधी नजरा खाली गेल्या. मग कुणालातरी आठवलं की भट्टीत कोकरू आहे. एकाला फोन यायचा होता, आमच्याकडे, पण तो घरी निघाला. "या उन्हात काय झालंय यांना?" असं खालच्या आळीतलं कुणीतरी पुटपुटलं. "दृष्ट, दुसरं काय," वासिलिकी म्हणाली आणि रुमाल परत बाहीत कोंबला. ज्याचं नाव झालं तो निघाला, आणि ज्याचं व्हायचं होतं तो त्याच्या आधी.

"थेक्ला…" बाल्कनीतून आलं.

श्वास. त्या श्वासात मी जगात एकटीच होते. खरंच तसं वाटतं, मी आजवर फक्त दुसऱ्यांचं पाहिलं होतं.

"दोन बादल्या. सात वाजता."

मी ट्रेकडे पाहिलं. ट्रेवर एक पेला होता, तो मी सरळ केला. तो आधीच सरळ होता.

यादी संपली तेव्हा चौकात रिकाम्या खुर्च्या, दोन कुत्री, मी आणि थिया उरानिया. बार्बा कठड्याला हात लावून उभे राहिले. शेवटी ते म्हणाले, "बरं तर," आणि थांबले. नेहमीच्या श्वासापेक्षा जास्त थांबले. मी मोजते अशा गोष्टी. तीन श्वास झाले. ते चौकाच्या कडेकडेला पाहत होते, गल्ल्यांच्या तोंडांशी, कुणी परत वळतंय का म्हणून. त्या तीन श्वासांत त्यांना पैज हरायची होती, ते मला दिसलं. मग त्यांनी टोपी काढून खिशात घातली आणि खाली आले.

थिया उरानियाने विचारलं, "जेवायला काय करू?"

"काहीही," ते म्हणाले. "गरम." आणि सूटकेस उचलली. घराच्या दिशेने.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या दारात सह्यांचा कागद घेऊन कुणी आलं नाही. ऑक्टोबरात लिकुर्गोस निवडून आले. समोर कुणी नव्हतं. आता ते बाल्कनीतून सूचना वाचतात, पाट उपसण्याबाबत, दिवसातून तीनदा जेवणानंतर. कुणी जात नाही. नळाला पाणी चहाच्या रंगाचं येतं आणि कॉफीत ते खपून जातं, असं बाबा म्हणतात.

मी त्या सोमवारीच संध्याकाळी पैज फेडायला गेले होते. दोघं जेवत होती. समोरासमोर. दिवे लागायच्या आतच. मला खुर्ची दिली, मुरंब्याचा चमचा दिला.

"मला टाळी वाजवता आली असती," मी म्हटलं. "मी एकटीने वाजवली असती तरी कर्णा माझा होता."

"हो. मी वाट पाहिली. का नाही वाजवलीस?"

"सोमवारी सकाळी शाळा होती."

त्यांनी सुपात पाव बुडवला, खाल्ला. मग मान हलवली, अजिबात न रागावता.

"सगळ्यांनाच सोमवारी शाळा होती," ते म्हणाले.

तेव्हापासून आवाज परत केलेला आहे. कागदावर लिहायचं नाही असं काही पैजेत ठरलं नव्हतं, म्हणून हे लिहिलं. पण तोंडाने नाही. मागच्या आठवड्यात पाऊस धरून होता, चौकात कुणाला कुणाशी बोलायला काही नव्हतं, आणि तेच सहा जण आतल्या टेबलावर बसले होते. त्यांतला एक हळूच म्हणाला, "थेक्ला, पोरी, एकदाच काढ ना. ते 'बसा, बसा' तेवढंच."

बाकीचे पाच जण पुढे झुकले.

मी कप विसळत राहिले. हरले ते हरले.